सिडनीचं पिंप

"मी नाही घालणार तो फ्रॉक," लोसे म्हणाली, आणि आकानेसीच्या हातातला पांढराशुभ्र फ्रॉक हिसकावून तिने असा भिरकावला, की तो थेट आजोबांच्या खाटेच्या पायाशी जाऊन पडला. "तू चोर आहेस, मावशी. आईने पाठवलेले कपडे तू फेआत विकतेस."

फाका मेचा दिवस होता. मे महिन्यातला पहिला रविवार, मुलांचा. गावातलं पोर न् पोर आज पांढऱ्या, नव्या कपड्यांत चर्चमध्ये उभं राहून पाठ केलेलं वचन म्हणणार होतं. लोसेची पाळी दुपारच्या प्रार्थनेला होती, आणि महिनाभर नऊ वर्षांची ती पोर झोपेतसुद्धा ते वचन पुटपुटत होती.

आकानेसीने विचारलं, "कुणी सांगितलं तुला हे?"

"सांगायला कशाला हवं? काल आमच्या चर्चचा ट्रक गाण्याच्या सरावाला राजधानीत, नुकुआलोफाला गेला ना, तेव्हा मी पाहिलं. तू पिशवीतून कपडा काढलास आणि त्या जाड्या बाईला दिलास. आणि ती पैसे मोजत होती."

फेआ म्हणजे शनिवारचा जुन्या कपड्यांचा बाजार. परदेशी गेलेल्या लेकीसुनांनी पिंपं भरभरून कपडे पाठवायचे आणि घरच्यांनी त्यातले निम्मे नेऊन फेआत मांडायचे, ही त्या बेटावरची सरसकट रीत. त्यामुळे पोरीने जे पाहिलं त्यावरून जे ताडलं, ते कुणीही ताडलं असतं. पण दिसतं तसं नसतं…

लोसेची आई फुसी, आकानेसीची धाकटी बहीण, फळं तोडायच्या कामावर ऑस्ट्रेलियाला गेली त्याला चार वर्षं झाली होती. पहिलं पिंप आलं, दुसरं आलं, आणि मग काहीच आलं नाही. ईस्टर तोंडावर आला तशी लोसे रोज फाटकाशी उभी राहून विचारू लागली, "मावशी, आईचं पिंप कुठवर आलं?" त्या डोळ्यांतली आस आकानेसीला बघवेना. तिने फेआ पालथा घातला, ढिगाच्या तळाशी हात घालून घालून एक गुलाबी फ्रॉक शोधला, त्याच्या घडीत साबणाची वडी ठेवून त्याला परदेशी वास आणला आणि सांगितलं, "घे, आईने पाठवलाय." पोर नाचली. एक खोटं बोललं की त्याला खतपाणी घालावंच लागतं. पुढे दर सणाला आकानेसी चटया विणून आलेले चार पाआंगा गाठीला बांधून फेआत जाऊ लागली, आणि दर सणाला सिडनीचं कौतुक होऊ लागलं.

फोनवर लोसेने आईला म्हटलं होतं, "गुलाबी फ्रॉक छान आहे हं." फुसी एवढंच म्हणाली, "आवडला ना राणी?" त्यावर बहिणी-बहिणींत आजवर एक अवाक्षर निघालं नव्हतं.

आणि घरात? साखरेच्या आजाराने एक पाय गमावून खाटेला खिळलेले वडील, मोसेसे, आल्यागेल्याला सांगत, "माझी फुसी म्हणून चाललंय हे घर. थोरली आहे आपली, खाते-पिते, पडून असते." त्यांची मलमपट्टी करता करता आकानेसी हे ऐके. वावाऊ बेटावरच्या एका भल्या विधुराने तिला मागणी घातली होती, तीही तिने याच खाटेकडे बघून नाकारली होती. बेचाळीस वर्षांची झाली ती. चार भिंती, एक खाट आणि स्वतःच रचलेलं एक खोटं… यांतून बाहेर पडायला दार म्हणून कुठे उरलं नव्हतं.

काल फेआतला हा पांढरा फ्रॉक पस्तीस पाआंगांच्या खाली उतरेना. तिच्याकडे वीसच होते. "बाई, जरा कमी करा," तिने गयावया केली. "कमी काय करू? बाहीची लेस बघा," विक्रेतीण म्हणाली. तेव्हा आकानेसीने पिशवीत हात घातला.

"आकानेसी," खाटेवरून मोसेसेंचा आवाज आला. "पोर काय म्हणतेय? खरं आहे हे?"

'नाही' म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग कुणाचा कपडा विकलास? मग हा फ्रॉक कुठून आला? आईचं पिंप कुठे आहे? इकडे आड, तिकडे विहीर! आपलं नाव स्वच्छ करायचं तर या लेकराच्या काळजातली आई पुसावी लागणार होती.

"बोल ना. दातखीळ बसली?" म्हातारा म्हणाला. "बहीण परक्या मुलखात राबतेय आणि तू तिच्या लेकीच्या अंगावरचं ओरबाडून विकतेस? त्यापेक्षा मला रस्त्यावर टाकलं असतंस तर बरं होतं."

"बाबा, भट्टीतलं लू जळेल," एवढंच ती म्हणाली आणि परसात मातीतल्या भट्टीपाशी जाऊन बसली. डोळ्यांतलं पाणी पुसायला धुराचं निमित्त बरं होतं.

सकाळची प्रार्थना लोसे आणि आकानेसीविना झाली. पोर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. लू, म्हणजे अळूच्या पानांतलं नारळाच्या दुधातलं मांस, तसंच निवलं, कुणी घास घेतला नाही. रविवारचा फुसीचा फोन आला तेव्हा लोसेने झडप घालून तो उचलला आणि स्पीकर लावून आजोबांच्या उशाशी धरला.

"फुसी," मोसेसे म्हणाले, "तुझ्या ताईचे प्रताप ऐक. तू पाठवलेली पिंपं ती फेआत विकते. आज पोर वचनसुद्धा म्हणायला तयार नाही."

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता.

आकानेसी धावत आत आली. आता फुसी काहीतरी बोलून जाईल आणि पोर उघड्यावर पडेल! "हो, विकले मी," ती फोनवर ओणवून म्हणाली. "फुसी, तू काही बोलू नकोस. चूक माझी आहे. लोसे, ऐकलंस ना, मीच विकले. मिटलं आता."

"ताई, पुरे कर गं," फुसीचा आवाज फुटला. "किती वेळ तू माझं झाकशील… बाबा, मी दोन वर्षांत एक रुमालसुद्धा पाठवला नाही. बागेतलं काम सुटलं, व्हिसाचे कागद संपले, इथे मी लपून राहते, लोकांच्या मोऱ्या धुते. आले असते, पण कुठल्या तोंडाने येऊ? पोर 'आई, फ्रॉक आवडला' म्हणायची आणि मी, निलाजरी, ते कौतुक घ्यायचे. ते सगळं ताईचं आहे. पहिल्या गुलाबी फ्रॉकपासून."

लोसेच्या हातातला फोन खाली आला. ती मावशीकडे वळली. माय मरो, मावशी जगो, असं लोक म्हणतात; पण माय जिवंत असताना मावशी ओळखायची, ते लहान जिवाला फार जड जातं.

"मग काल तू त्या बाईला काय दिलंस?" तिने हळूच विचारलं.

आकानेसीने तिच्या हातातून फोन घेऊन बाजूला ठेवला.

"मावशी, तुझा निळा झगा? चर्चचा?"

"जुना झाला होता गं तो."

"नव्हता झाला," लोसे म्हणाली आणि एकदम तिच्या कमरेला मिठी मारून हमसाहमशी रडू लागली. "म्हणून तू सकाळी चर्चला गेली नाहीस… आणि मी तुला चोर म्हटलं."

"कपडे बदल आधी," आकानेसी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "दुपारची घंटा व्हायची आहे अजून."

लोसेने खाटेपाशी पडलेला फ्रॉक उचलून अंगात घातला, आणि दोघींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो टाचेखाली वीतभर लोळत होता. शनिवारी अंधार पडेपर्यंत आकानेसी वडिलांच्या पायाच्या पट्ट्या उकळत होती, शिवण राहूनच गेली होती; आणि आज रविवार. रविवारी त्या बेटावर कुणी सुईत दोरा ओवत नाही. उभी हयात चर्चमध्ये उपदेश केलेल्या मोसेसेंनी तर एकदा रविवारी बटण लावलं म्हणून याच आकानेसीच्या बोटांवर छडी मारली होती.

"वर उचलून धरते मी," लोसे म्हणाली. "चालेल."

"नाही चालणार," मोसेसे म्हणाले. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं आणि खांदे हलत होते. "आकानेसी, सुईदोरा आण."

"बाबा, आज रविवार आहे."

"मला कळतं तो." म्हाताऱ्याने मोठ्या कष्टाने कूस बदलली आणि हात पुढे केला. "आण इकडे, दोरा मी ओवतो. पाप लागायचं ते मला लागू दे… तू शिव, पोरी."