शेजारचे काका

लाइट बारीक करा रे. हं. इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावचा शंतनू तुम्ही पाहिलाय. त्याच्याबाबतीत घडलेलं सांगतो. त्याच्याच तोंडून ऐकलंय.

दोन हजार तीन साल, चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. एका लहानशा म्युझियमचे कॉम्प्युटर शंतनू सांभाळायचा. हवेतला ओलावा मोजणारं मशीन चुकीचे आकडे देतंय, असा फोन आला. रात्रीचं जेवण करून तो निघाला. त्याचे वडील, आपले प्रल्हादकाका, त्याच्याकडे आले होते, रविवारी भारतात परतणार होते. म्हणाले, "मीही येतो. घरात बसून कंटाळलो."

आत एका इंग्लिश अर्लची समाधी होती. अर्ल म्हणजे बडा सरदार. सहाशे वर्षांपूर्वीचा. वर तो स्वतः, दगडात कोरलेला, उताणा, छताकडे बघत. शंतनूनं पाटी वाचून दाखवली. "यानं म्हटलं की राजा गादीवर बसायचा, यानंच म्हटलं की उतरायचा. याचा बाप लोकर विकायचा. एकदा दरबारात भेटायला आला, तर यानं ओळखच दिली नाही."

"लाजला असेल रे पोरगा," काका म्हणाले. त्यांनी बूट काढले आणि दगडी पायांवर डोकं टेकवलं.

"बाबा! काय करताय?"

"झोपलेल्याच्या पाया पडत नाहीत. पण हा गेलेला आहे ना? मग चालतं."

पहारेकरी हसत आला. "युअर डॅड?"

"नो, नो," शंतनू पटकन म्हणाला. "नेबर."

तेवढं इंग्रजी काकांना येत होतं. त्यांनी खाली बसून बूट घातले. नाड्या बांधायला फार वेळ लावला. "गाडीत बसतो," म्हणाले.

शंतनूनं मशीन तपासलं. बिघाड नव्हता. पावणेबारा वाजता आकडा पुन्हा चढला. फक्त समाधीपाशी.

तो टॉर्च घेऊन गेला.

दालनात अंधार. हुंदका ऐकू आला. म्हाताऱ्या माणसाचा, दाबलेला.

"बाबा...?"

कुणी नाही.

पुन्हा हुंदका. खालून. दगडातून.

त्यानं हात लावला. दगडाचे गाल... ओले. कोमट.

टॉर्च विझला.

"ते..." शंतनू म्हणाला. "ते माझे वडील आहेत."

हुंदका थांबला.

...

तो धावत गाडीत येऊन बसला. काका जागे होते. "झालं काम?"

"झालं."

अंधारात दगडाला सांगितलेलं त्याला शेजारी बसलेल्या माणसाला सांगता येईना. घर येईपर्यंत नाही. रविवारी एअरपोर्टवरही नाही. काकांनी नेहमीसारखा त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेले. दोन महिन्यांनी तिकडेच वारले.

काकांना एअरपोर्टवर सोडलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, म्युझियममधून फोन आला होता. शंतनू गेला. पहारेकरी त्याला दालनात घेऊन गेला.

दगडी मानेला तडा नव्हता. खाली दगडाचा कणही नव्हता.

अर्लनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.