शिक्का नसलेली पुस्तकं

"बूट!"

टूवा एवढ्या जोरात ओरडली, की दारातला उंच माणूस जागच्या जागी थिजला. बाहेर मार्चमधला घाणेरडा, अर्धवट विरघळलेला बर्फ... उत्तर स्वीडनमधल्या लुलेओच्या या शाळेत बूट दाराशीच काढायचे, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. आणि हा घोडा चिखल घेऊन थेट वाचनालयात!

"चुकलं हो..." तो ओणवा झाला. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. तो असा काही लाजला, की टूवाला हसू फुटणार — तेवढ्यात त्याने पिशवीतून एक यादी काढली.

"मी हेनिंग. नगरपालिकेच्या शिक्षण खात्यातून आलोय. तीन वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तकं काढून टाकायचीत. इथं तीच जास्त आहेत, म्हणून... वाचनालयच बंद करायचं घाटतंय."

हसू कुठल्या कुठे पळालं. अकरा वर्षं ग्रंथपाल म्हणून तिने ही खोली पोटच्या पोरासारखी सांभाळली होती!

"कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला हा नियम?"

"माझ्याच."

"वाटलंच! उंटावरून शेळ्या हाकायच्या नुसत्या!" तिने यादीतलं पहिलंच पुस्तक त्याच्या हातात आदळलं. "पानं बघा, सुटलीत. न वाचताच सुटली का? अहो, आमची निम्मी पोरं एक आठवडा आईकडे असतात, एक बापाकडे. पुस्तक नेमकं दुसऱ्या घरी राहतं, म्हणून नेतच नाहीत. इथंच हीटरला पाठ लावून संपवतात. घरी नेल्याचा शिक्का पडणार कुठून?"

"पण नोंद तर..."

"नोंद गेली खड्ड्यात! आठवडाभर इथं बसा. डोळे असतील तर दिसेल."

आणि तो खरंच बसला. रोज मधल्या सुट्टीत, छोट्याशा खुर्चीवर गुडघे हनुवटीला टेकवून, कोण काय वाचतंय ते लिहीत. येताना वेलदोड्याचे पाव आणायचा. "पुस्तकांजवळ खायचं नाही!" म्हणून ती डाफरायची... आणि व्हरांड्यात जाऊन त्यातला अर्धा खायची.

गुरुवारी तो म्हणाला, "रागावलात की तुमचे कान लाल होतात."

"मग बघू नका!"

"प्रयत्न केला... जमत नाही."

ती कपाटाकडे वळली खरी, पण पुस्तकं उलटी लावत सुटली. स्वतःचाच संताप आला तिला.

पुढच्या मंगळवारी मुख्याध्यापिकेने बातमी दिली. वाचनालय राहणार! हेनिंग नगरपालिकेच्या भर बैठकीत उभा राहून म्हणाला होता, 'नियम माझा, चूकही माझीच.' नियमाला मंजुरी देणाऱ्या त्याच्या साहेबांचं नाक कापलं गेलं, आणि त्यांनी त्याला तिथल्या तिथे रस्त्यांवरचा बर्फ काढणाऱ्या खात्यात टाकलं.

टूवा तडक त्याच्या कचेरीत गेली. तो खोक्यात सामान भरत होता.

"मला आधी सांगायला काय झालं होतं रे?"

"तू अडवलं असतंस."

"अडवलंच असतं! एवढा शहाणपणा कुणी सांगितला होता? पोरांचं भलं केलंस, आणि स्वतः बस आता बर्फ उपसत!"

"वाईट काम नाही ते..."

"हसू नकोस! डोकं फिरलंय माझं!"

"टूवा..." तो हळूच म्हणाला. "आठवड्याची तर ओळख आपली. परक्या माणसासाठी एवढं कशाला चिडायचं?"

"परका असतास तर 'बरी खोड मोडली' म्हणून घरी गेले असते!" तिचा आवाज फाटला. "आवडतोस तू मला, गाढवा! आणि... त्याचाच जास्त राग येतोय."

हेनिंगने खोकं खाली ठेवलं. दोन पावलं जवळ आला.

"मग रोज रागाव माझ्यावर."

"रोज?"

"जन्मभर म्हणणार होतो... पण आधीच तापली आहेस."

तिने त्याच्या छातीवर एक गुद्दा हाणला, आणि हात तिथेच राहू दिला.