गळक्या डब्याचा माग

"आजचा दिवस इतिहासात सोनेरी अक्षरांनी लिहिला जाईल!" मामांनी स्टुलावर उभं राहून घोषणा केली आणि झेंडा खाली आणला. तो त्यांच्याच चष्म्यात अडकला. चष्मा सोडवेपर्यंत इतिहास काही थांबला नाही. सगळे सायकलस्वार निघून गेले. सगळे म्हणजे तिघं सोडून.

रुग्णालयातल्या मुलांना खेळायला खोली हवी, म्हणून मामांनी ही पन्नास किलोमीटरची फेरी काढली होती. फेरी संपायची रुग्णालयाच्याच फाटकाशी. तिथे खिडकीजवळच्या खाटेवर तिघांतल्या एकीचा, हळू सायकल चालवते म्हणून सगळे जिला गोगलगाय म्हणत तिचा, धाकटा भाऊ पाय प्लास्टरमध्ये घालून पडला होता. "भेटायची वेळ संपायच्या आत सायकलवरून येते की नाही बघ!" असं ती त्याला छाती ठोकून सांगून आली होती.

छाती ठोकणं सोपं. सराव मात्र राहिला होता. सुट्टीभर तिघांनी रोज सरावाचा बेत आखला. बेत आखताना भूक लागायची, खाल्ल्यावर झोप यायची, आणि उठल्यावर उद्याचा बेत आखायचा असायचा.

"माझे पाय आता माझे राहिले नाहीत गं!" गोगलगायीचा मावसभाऊ भोंगा ओरडला.

"तोंड तुझंच आहे ना? ते मिटलंस तर दम वाचेल," पाना म्हणाली. या मैत्रिणीच्या खिशात कायम एक पाना असे, म्हणून हे नाव.

तेवढ्यात मागून घंटी वाजली. लाल हेल्मेटवाले दातांचे डॉक्टर भुर्रकन पुढे गेले. "शाब्बास बाळांनो! चालू द्या!"

गोगलगायीने पाय टेकले. "हे मागून कसे आले? हे तर सगळ्यांच्या पुढे होते!"

"पंक्चर झालं असेल."

मग मागून बँकेच्या मॅनेजरबाई आल्या. मग जुळे वकील. मग उरलेले सगळे.

"सगळ्यांनाच पंक्चर?" पाना पुटपुटली.

थोडं पुढे रस्त्याला पहिलाच फाटा फुटत होता. डांबरावर मामांनी रंगवलेला पांढराशुभ्र बाण डावीकडे, तळ्याकडे बोट दाखवत होता. पण पांढऱ्या रंगाचे थेंब मात्र टपटपत उजवीकडे गेले होते!

"मामांचा डबा गळका," भोंगा म्हणाला. "म्हणजे बाण रंगवायला नेलेला टेम्पो गेला उजवीकडे. मग बाण का डावीकडे?"

गोगलगायीला कालची मामांची बढाई आठवली. गुडघा दुखतो म्हणून ते टेम्पोच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसले होते, ब्रश काठीला बांधून. ड्रायव्हर दिशा ओरडला, की मामांनी तिकडे बाण ओढायचा. ती आपल्या कॅरिअरवर उलटी बसली आणि उजवा हात वर केला. हात थेट तळ्याकडे!

"अरे देवा! मामांनी स्वतःचं उजवं काढलं!"

इतक्यात डॉक्टर पुन्हा मागून आले.

"काका, थांबा! तुम्ही तळ्याला चकरा मारताय!"

"छे! हे दुसरं तळं आहे. बाण म्हणजे बाण!"

"आणि आपल्या तळ्यावरचा कानतुटका कुत्रा प्रत्येक तळ्यावर भुंकतो का?" पानाने गंभीरपणे विचारलं.

डॉक्टर विचारात पडले. "ओळखीचा वाटला खरा."

तरी मागचे घोळक्याने येतच होते. भोंगा सरळ बाणावर आडवा झाला. खरं तर तो दमून पडला होता, पण दिसताना मोठं धाडस दिसलं! पानाने विटेच्या तुकड्याने उजवीकडे नवा बाण ओढला. बाण दिसेना म्हणून मोठी माणसं थांबली, आणि थांबल्यावर त्यांना थेंब दिसले.

आता गंमत अशी, की तळ्याच्या चकरांनी सगळ्या पट्टीच्या सायकलस्वारांचा पार पिट्टा पडलेला. त्यामुळे थेंबांच्या मागावर बिनसरावाची तिघं ऐटीत त्यांच्या बरोबरीने चालली! फाटकाशी पोचले तेव्हा पहारेकरी भेटीची पाटी उलटवायला उठतच होता.

"ही मुलं नसती, तर आम्ही अजून कुत्र्याशी ओळख वाढवत असतो!" डॉक्टर म्हणाले. टाळ्या वाजल्या. मॅनेजरबाईंनी तिघांची पाठ थोपटली. मामांनी कान पकडले आणि लगेच स्टूल मागवलं. "आजचा दिवस इतिहासात..."

गोगलगाय थांबलीच नाही. लंगडत, धापा टाकत ती खाटेपाशी पोचली. "आले की नाही? सायकलवरून! आणि अख्ख्या फेरीला मीच वाट..."

"ताई, ते नंतर सांग," भाऊ काकुळतीने म्हणाला. "आधी पायाचा अंगठा खाजव ना. सकाळपासून हात पोचत नाहीये."