चौथ्या भट्टीचं उत्तर

शनिवारी दुपारी जगूशेठच्या कारखान्यात चौथ्या भट्टीतले तीनशे अ‍ॅल्युमिनियमचे टोप वितळले आणि त्यांचा मिळून एकच गोळा झाला. सोमवारी सकाळी त्या भट्टीचा कामगार महिपत भाईंदर पश्चिमेला टेरेझाबाईंच्या दारात उभा होता.

टेरेझाबाई वीस वर्षं तार ऑफिसात होत्या. आता खासगी तपास करत. धाकू हा निवृत्त हवालदार त्यांचा मदतनीस. निवृत्तीआधीही तो फारसा धावत नसे.

"बाय, मी कॉम्प्युटरची वायर तोडली म्हणतात," महिपत म्हणाला. "संध्याकाळपर्यंत कबूल नाही केलं तर पोलिसात देणार. अठरा वर्षं काढली तिथं."

"तोडलीस?" धाकूने खात्यातल्या सवयीने विचारलं.

"हवालदार, मी टोप भाजतो. वायरीला हात लावत नाही."

"भट्टी जास्त तापली हे तुला कळलं नाही?" टेरेझाबाईंनी विचारलं.

"टोपाला साबण फासून आत टाकायचा. साबण काळा पडला की टोप बाहेर. आमची जुनी रीत. पण कॉम्प्युटरवाल्या वागळेसाहेबांनी शुक्रवारी माझ्या हातात साबण पकडला. म्हणाले, काचेच्या खोलीतून आकडा येईल तोच खरा, परत साबण दिसला तर घरी बसवीन. शनिवारी पहिल्यांदाच नुसत्या आकड्यावर भट्टी चालवली."

"आकडा किती होता?"

"चारशे बारा. पाहिजे तेवढाच. म्हणून गप्प राहिलो."

कारखाना भाईंदर पूर्वेला होता. काचेच्या खोलीत वागळेसाहेब अत्तर लावून बसले होते. टेरेझाबाईंनी नाकाला रुमाल लावला. भट्टीचा धूर त्यांना चालला होता.

"चारही भट्ट्या दोनच तारांवर," वागळे सांगू लागले. "एक बोलली की बाकीच्यांनी गप्प बसायचं. कॉम्प्युटरचा जो भाग भट्ट्यांशी बोलतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो मी स्वतः लिहिलाय."

"आणि क्लीनर?" धाकूने विचारलं.

वागळ्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "पहिल्या भट्टीला विचारायचं तर एकशे बारा पाठवायचं. एक हा भट्टीचा नंबर, बारा म्हणजे 'ताप सांग'. मग भट्टी आकडा कळवते."

"तारेवर आम्ही खटखट केली की ती आमच्याच टेबलावरही वाजायची," टेरेझाबाई म्हणाल्या. "तुमच्या कॉम्प्युटरला स्वतःचं बोलणं ऐकू येतं का?"

"येतं, पण ड्रायव्हर ते टाकून देतो. तशी सोय केलीय मी," वागळे फुलून म्हणाले.

टेरेझाबाईंनी छापील कागदाची गुंडाळी उलगडली. पहिल्या तीन भट्ट्यांचे आकडे वरखाली होत होते. चौथीपुढे दोन आठवडे प्रत्येक वेळी चारशे बारा.

"चौथी फार शिस्तीची दिसते."

"उत्तम भट्टी होती. ह्या माणसाने वायर तोडली आणि कॉम्प्युटर आंधळा झाला."

"कधी तोडली?"

"शनिवारी सकाळी."

"पण कागदावर दुपारीसुद्धा चारशे बाराच आहे."

"मग दुपारी तोडली असेल," वागळ्यांनी महिपतचा गुन्हा चार तास पुढे ढकलला.

चौथी भट्टी शनिवारपासून थंड होती. तिच्या पेटीजवळ वायरचं टोक लोंबत होतं. टेरेझाबाईंनी पेटी उघडली. आतल्या स्क्रूंवर हिरवा रंग जसाच्या तसा होता, कुठे ओरखडाही नाही.

"एरिक, वायर तूच ओढलीस ना?" त्यांनी वायरमनला विचारलं.

उत्तनचा एरिक खाली मान घालून म्हणाला, "हाय बाय, मीच. पण मला काय विचारू नको. साहेबांनी सांगितलंय."

टेरेझाबाईंनी शेठसकट सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं.

"वागळे, चौथीला विचारा, ताप किती?"

"वायर तुटलीय. काय उपयोग?"

"विचारा," शेठ म्हणाले.

वागळ्यांनी सावकाश बटणं दाबली. यंत्र खडखडलं. कागदावर उमटलं: चारशे बारा.

"धाकू, भट्टीत हात घाल."

धाकू जाऊन आला. "बाई, आत मांजर झोपलीय."

"चारशे बारा अंशांवर? एरिक, आता पहिलीची वायर काढ. वागळे, तिलाही विचारा."

यंत्राने छापलं: उत्तर नाही.

"चौथीला विचारण्याचा आकडा चारशे बारा," टेरेझाबाई म्हणाल्या. "चार नंबरची भट्टी आणि पुढे बारा. कॉम्प्युटर स्वतःचाच प्रश्न ऐकतोय आणि उत्तर म्हणून छापतोय. वायर कोणी तोडली नाही, कारण ती जोडलीच नव्हती. स्क्रूंचा रंगसुद्धा उडालेला नाही. दोन आठवडे ही भट्टी महिपतच्या साबणावर चालली. साबण बंद झाला त्याच दिवशी टोप वितळले."

"ड्रायव्हरमध्ये चूक राहिली असेल," वागळे पुटपुटले.

"चूक असती तर पहिलीनेही एकशे बारा सांगितलं असतं. तिघींच्या वेळी स्वतःचा आवाज टाकून द्यायचा आणि चौथीच्या वेळी ठेवायचा, हे आपोआप होत नाही. ते लिहावं लागतं."

एरिकने मान वर केली. "वायर चार हात कमी पडली, शेठ. दुसऱ्या दिवशी नवा कॉम्प्युटर बघायला पावणे येणार होते. साहेब बोलले, राहू दे, आकडा मी आणतो. टोप गेल्यावर बोलले, टोक पक्कडीने कापल्यागत कर."

शेठनी कपाळ पुसलं. "झालं ते झालं. महिपतला मी माफ केलं."

टेरेझाबाईंच्या तोंडावर अशी कळा आली, की धाकूने घाईने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"माफ कशाबद्दल?" महिपतने विचारलं. "शनिवारपासून गेटावर मला चोरासारखं बघतायत सगळे. मी वायर तोडली नाही हे वागळेसाहेबांनी लिहावं आणि पाळी सुटताना स्वतः वाचून दाखवावं. तुम्हीही उभं राहायचं, शेठ."

शेठनी टेरेझाबाईंकडे पाहिलं. मग वागळ्यांपुढे कागद सरकवला.

साडेतीनला पाळी सुटली. दीडशे माणसं गेटाशी थांबली. वागळ्यांनी चार ओळी एका दमात वाचल्या आणि कागदाची घडी घालू लागले.

"साहेब," मागून कोणीतरी ओरडलं, "काही ऐकू नाही आलं!"

वागळ्यांनी पुन्हा वाचलं.

"आता महिपतचं नाव आलं. पुढचं राहिलं!"

वागळे तिसऱ्यांदा वाचू लागले. महिपत पहिल्या रांगेत उभा होता. त्याला सगळं नीट ऐकू येत होतं, पण त्याने तसं कोणाला सांगितलं नाही.