डाव्या कानासाठी मध्यस्थी

"—आणि प्रभू, त्या पोस्टमनकाकांचा गुडघा… आणि शेजारच्या काकूंच्या सुनेला झोप—"

"जरा थांबता का? पोस्टमनकाकांच्या गुडघ्यापायी माझी तार निसटतेय."

ती दचकली. रिकाम्या चर्चमध्ये हा आवाज आला होता पियानोच्या पोटातून! मग झाकणामागून एक डोकं वर आलं. केसांत धूळ, हातात तारा पिळायची किल्ली, ओठांत दाबलेलं हसू.

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दुकान उघडण्याआधी इथे येऊन, एकेकाची आठवण काढत, पुटपुटत प्रार्थना करायची. आणि तो… तो पियानो सुरात लावणारा.

"इतक्या लोकांचं मागता, देव कंटाळत नाही?"

"तुमची तीच ती तार ऐकून मी कंटाळले. तो नाही."

खरं तर एका सकाळचं काम. त्याने आठवडाभर पुरवलं.

*

प्रभू, हा माणूस… काय मागू? ह्याला चांगलं ठेव. बोलताना मान सारखी वळवतो, ते का— जाऊ दे. आमेन.

*

का, ते पावसाच्या एका दुपारी कळलं. चष्म्याची काडी सैल झाली, हे निमित्त काढून तो दुकानात आला. ती काडी त्याच्या कानामागे बसवत होती. बोटं जरा जास्तच रेंगाळली…

"त्या कानात काही बोललात तर फुकट जाईल हं," तो हळूच म्हणाला. "डावा निकामी होत चाललाय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून पाहू. कुणाला बोलू नका. पियानोला माझा उजवा पुरतो, पण गिऱ्हाइकांना कोण समजावणार?"

ती वाकली. डाव्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"फुकट गेलं."

*

शुक्रवारची प्रार्थनासभा. तिथली रीत अशी, की ज्याच्यासाठी जीव तुटतो त्याच्याबद्दल उभं राहून सांगायचं. मग सगळी मंडळी त्याच्यासाठी देवाकडे मध्यस्थी करते. तिचा जीव तुटत होता. ती उभी राहिली. कान सांगितला, ऑपरेशन सांगितलं. सगळ्यांनी डोळे मिटून, अगदी कळवळून प्रार्थना केली. आमेन.

आणि मग सगळ्यांनी डोळे उघडले.

सभेतल्या एका मावशींनी त्याला भर बाजारात गाठून, ओरडून ओरडून तब्येत विचारली. सभेला येणाऱ्या संगीतशाळेच्या बाईंनी प्रेमाने कळवलं: आधी बरे व्हा, पियानोचं नंतर बघू. मग आणखी एका घराने. मग आणखी…

तो दुकानाच्या दारातच उभा राहिला.

"तुम्ही देवाला सांगितलंत?"

"हो… पण मला फक्त—"

"देव गप्प बसला असता."

आणि गेला. त्यानंतर चर्चकडे फिरकला नाही.

*

प्रभू,

(आज एवढंच.)

*

पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा उभी राहिली. 

"मागच्या वेळी मी प्रार्थना मागितली नाही. बातमी दिली. कळवळा माझा होता, पण गोष्ट त्यांची होती. त्यांचा उजवा कान ठणठणीत आहे, आणि माझ्यामुळे त्यांची कामं गेली."

"अगं, पण काही सांगितलंच नाही तर प्रार्थना करायची कशी?" मावशी म्हणाल्या.

"देवाला पत्ता ठाऊक असतो, मावशी."

कुणीतरी खुदकन हसलं. संगीतशाळेच्या बाई हसल्या नाहीत. त्या फोन घेऊन बाहेर गेल्या. दारातून त्यांचा ओशाळलेला आवाज आला, "अहो, उद्या याल का? आमचा पियानो नुसता केकाटतोय…"

*

तो चर्चमध्ये आला. तिच्याच बाकावर बसला; मध्ये दोघं मावतील एवढं अंतर ठेवून.

"माझी बाजू मांडलीत म्हणे."

"माफी मागितली. तुमची मागायची राहिलीय."

"मी रागावलोय अजून."

"दिसतंय." ती थांबली. "एक विचारू? तुमच्यासाठी प्रार्थना केली तर… चालेल? मनातल्या मनात."

त्याने चष्मा काढून पुसला.

"मंगळवारी ऑपरेशन आहे," तो म्हणाला. "भीती वाटतेय. एवढंच सांग त्याला."

सांग. 'सांगा' नाही. तिने पटकन डोळे मिटले, नाहीतर भरून आलेले त्याला दिसले असते. मधलं अंतर कधी सरलं कळलं नाही. तिच्या तळहातावर त्याचा हात होता, तारांनी खरखरीत झालेला.

"आता मी," तो म्हणाला.

"तुला येते?"

"नाही." त्याने घसा खाकरला. "देवा… हिच्यासाठी मागतोय. हिला काय हवंय, मला नक्की माहीत नाही. मी हवा असेन, तर… मी इथेच आहे. कान कसाही राहो. आणि—"

"आमेन!"

"अगं, माझी प्रार्थना संपली कुठे?"

"उत्तर आलंसुद्धा," ती म्हणाली.