तालमीची खोली : आहे

खुर्च्या दोनशे, प्लास्टिकच्या, सगळ्या रिकाम्या. पंखे आठ, बंद. दारं तीन. फुगे चार. माणसं दोन.

ही यादी माझी मावसबहीण मयुरी हिच्या वहीतली. पुढचंही सगळं घडलेलं आहे. एकही आकडा मी बदललेला नाही. गाव वर्धा जिल्ह्यात, आंजीच्या पुढचं, नाव मुद्दाम गाळतो. तारीख सोळा मे, दुपारचे अडीच. ऊन असं, की कुत्रंही सावली सोडत नव्हतं.

मयुरी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली. वर्ध्यात भाड्याच्या खोलीत राहायची, एका तपासणी संस्थेत कंत्राटावर होती. त्या गावात लोककलावंतांसाठी सरकारी अनुदानातून सांस्कृतिक भवन बांधलं होतं. तिचा अहवाल गेला, की पुढचा हप्ता सुटणार होता.

आवाजाची तपासणी सोपी. फुगा फोडायचा आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते यंत्रावर बघायचं. रिकाम्या जागेत आवाज घुमत राहतो. माणसं बसली, की त्यांची अंगं तो पिऊन टाकतात.

पहिला फुगा, मंचावर. ३.१ सेकंद.

रिकाम्या सभागृहाचाच आकडा.

मग बांधकाम जुळवून बघायला तिनं नकाशा उघडला. मंचामागे कलावंतांसाठी तालमीची खोली दाखवली होती. जागेवर नुसती भिंत.

"खोली कुठे आहे?"

बांधकाम समितीचे किसनराव हसले. "होईन नं दिवाळीपर्यंत. तू 'आहे' लिहून टाक, पोरी. तुले काऊन ताप?"

दारात म्हातारा पुनाजी उभा होता. खडी गंमत या नाचगाण्याच्या लोकनाट्यात चाळीस वर्षं डफ वाजवलेला माणूस. "लिहू नका, बाई. या भवनासाठी आमचा नाचाचा ओटा पाडला, तवा या खोलीचाच शब्द देल्ला होता."

"ए पुनाजी, उन्हात काऊन मरून राह्यला? घरी जाय."

"मी जातो, किसनराव. पन त्या ओट्यावर नाचता नाचता जे मेले, त्यायले कुठं धाडता?"

किसनरावांनी दार त्याच्या तोंडावर लावलं. मग मयुरीकडे वळले.

"पुढच्या महिन्यात तुझं कंत्राट संपते म्हन्ते. तुझ्या सायबाले मी चांगला ओळखतो."

मयुरीनं टॅबवर लिहिलं : तालमीची खोली : आहे.

बटण दाबलं. नोंद पक्की झाली. आता ती बदलता येत नव्हती.

आणि तेवढ्यात... डफावर एक थाप पडली.

भिंतीमागून. जिथे खोली नव्हती, तिथून.

किसनरावांचं हसू ओसरलं. मयुरीनं मान खाली घातली. नियमानं तीनदा मोजायचं होतं.

दुसरा फुगा. २.० सेकंद.

तिनं यंत्र तपासलं. दारं तपासली. सगळं जसंच्या तसं.

तिसरा फुगा... १.१.

हा भरलेल्या सभागृहाचा आकडा होता.

किसनराव काहीतरी ओरडले. ओठ हलले, आवाज मंचापर्यंत येईतो मेला.

तिनं समोर पाहिलं. जड माणूस बसला, की प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय किंचित फाकतात...

दोनशेही खुर्च्यांचे पाय फाकलेले होते.

सगळ्यांची तोंडं मंचाकडे. मंचावर ती एकटी.

किसनराव चपला टाकून पळाले. मयुरी त्यांच्यामागे. बाहेर कडुनिंबाखाली पुनाजी बसला होता.

"लिहिलं?"

तिनं होकारार्थी मान हलवली. पुनाजी बाजूला थुंकला.

"मंग खोली आता तुमालेच द्या लागन, बाई."

सहा वाजता ती वर्ध्याला पोचली. यंत्र नवं मिळालं, तेव्हा गंमत म्हणून तिनं स्वतःची खोली मोजली होती. ०.६ सेकंद. कुलूप उघडून तिनं मला फोन लावला. आवाज गोधडीतून आल्यासारखा.

"दादा, खोली रिकामीच दिसते रे... पण आत उकडतंय. लोकांनी उकडतं, तसं."

मी त्या खोलीत अजून गेलेलो नाही. वही मात्र टपालानं माझ्याकडे आली. शेवटचं पान असं :

खाट एक. खुर्ची एक. पंखा एक, चालू. माणसं एक. चौथा फुगा : ०.२ सेकंद.