चौथा ठोका

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. पण हे घडलंय, आणि ज्यांच्या बाबतीत घडलं ते नागोराव माझे सख्खे मोठे मामा. दारू नाही, तंबाखू नाही, भुताखेतांवर तर काडीचा विश्वास नव्हता.

तारीख १५ मार्च २००७. गुरुवार.

जागा... मांजरीच्या पुढे, उसाच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावरचा कालव्याचा पूल.

आणि रात्र नव्हती. भर दुपारचे बारा वाजले होते.

मामा मूळचे वर्ध्याकडचे. पुण्यात गॅरेज टाकून त्यांना वीस वर्षं झाली होती. नुसता आवाज ऐकून इंजिनाचा आजार सांगायचे. त्या सकाळी उत्कर्षा नावाची एक मुलगी गाडी घेऊन आली. हडपसरच्या आयटी कंपनीत नोकरीला. गाडी पेट्रोलची, दहा वर्षं जुनी, सेकंडहँड घेतलेली. वडिलांचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा त्यांना याच गाडीतून न्यायची.

"काका, कालव्याच्या पुलावर आली की गाडी मिसिंग करते. इंजिनचा दिवा लागतो. पूल ओलांडला की सगळं नॉर्मल. काल तर ट्रकसमोर बंद पडली. बाबा मागे बसले होते."

"फक्त पुलावरच?"

"फक्त पुलावर. प्लग बदलले, वायरी बदलल्या, स्कॅनर लावला. काहीच सापडत नाही. आम्ही कात्रजला होतो तोवर कधी त्रास नव्हता. महिन्यापूर्वी इकडे फ्लॅटवर राहायला आलो, तेव्हापासून सुरू झालं."

मामा हसले. "गाडीला जागा कळत नसते, ताई. ठेवून जा."

गुरुवारी लाईट नसायची, त्यामुळे गॅरेजमध्ये काम नव्हतंच. मामा एकटेच गाडी घेऊन निघाले.

पुलापर्यंत गाडी लोण्यासारखी चालली.

पूल आला... आणि दिवा लागला.

गाडी हिसके द्यायला लागली. मामांनी ती कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं. चार सिलिंडर, चार ठोके. तीन नीट पडत होते, चौथा गायब.

कुठला सिलिंडर मेलाय हे शोधायची जुनी रीत आहे. एकेक प्लगची वायर काढायची. चालू सिलिंडरची काढली की इंजिन अजून अडखळतं. मेलेल्याची काढली की काही फरक पडत नाही.

मामांनी पहिली वायर काढली. फरक नाही.

दुसरी काढली. फरक नाही.

तिसरी... चौथी...

चारही वायरी बाहेर लोंबत होत्या.

इंजिन चालूच होतं.

मामांना दरदरून घाम फुटला. ते धावत आत गेले, चावी फिरवली, काढून खिशात टाकली.

इंजिन चालूच.

त्यांनी भीतभीत इंजिनावर हात ठेवला. गार होतं. विहिरीच्या पाण्यासारखं गार.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उसाचं पानही हलत नव्हतं. फक्त ते तीन ठोके. आणि मग, कान देऊन ऐकल्यावर, मामांना चौथा ठोका सापडला.

तो इंजिनातून येत नव्हता.

मागच्या डाव्या दारातून येत होता. आतून. कुणीतरी बोटाच्या पेरानं ठोठावावं तसा...

ठक.

मामा म्हणतात, "पळून जायचं सोडून मी दार काहून उघडलं, मला आजही माहीत नाही." पण उघडलं खरं.

आत कुणी नव्हतं.

इंजिन त्याच क्षणी बंद पडलं. दिवा विझला. आणि पुलापलीकडच्या पायवाटेवर, जिथे वारा नव्हता, तिथे गवत वाकत गेलं... एका पावलाच्या अंतरानं... एका पावलाच्या अंतरानं.

मामांनी वायरी लावल्या. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. चारही ठोके नीट.

संध्याकाळी उत्कर्षा आली. "काय फॉल्ट होता, काका?"

मामांना खोटं बोलता येईना. त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, पोरगी हसेल. ती हसली नाही.

"ते डावं दार आतून उघडत नाही," ती हळूच म्हणाली. "घेतली तेव्हापासून. जुने मालक जयसिंगराव एजंटकडे भेटले होते. त्यांनी दोनदा बजावलं होतं, ते दार दुरुस्त करू नका, उघडूच नका. बाबा कधीच त्या बाजूला बसत नाहीत. फार गार लागतं म्हणतात."

तिने तिथूनच जयसिंगरावांना फोन लावला आणि मामांच्या हातात दिला.

मामांनी सांगायला सुरुवात केली. पलीकडचा माणूस मधेच म्हणाला, "गाडी मांजरीत कशी? कात्रजचं गिऱ्हाईक आहे असं एजंट म्हणाला होता."

"त्या इकडे राहायला आल्यात."

"दार कुठे उघडलं?"

"कालव्याच्या पुलावर."

मग अगदी खालच्या आवाजात...

"पुलापलीकडचं पहिलं घर आमचं आहे."

"साहेब, गाडीत कोण होतं?"

जयसिंगराव फोन बाजूला धरून घरात कुणाला तरी ओरडले, "रतन, पोरांना उचल! चपला राहू दे!"

फोन कट झाला. पुन्हा लागला नाही.

मामा रात्रभर झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी गेले. दार सताड उघडं होतं. ताटं वाढलेली, भात वाळलेला. उंबऱ्याशी चार जणांच्या चपला. माणूस एकही नाही.

शेजारच्या शेतातले सुखदेवबुवा म्हणाले, "काल तिन्हीसांजेला जीप काढून गेलीत समदी. कुठं गेली, काय ठाव न्हाय."

"सगळे गेले ना? नीट बघितलंत?"

म्हातारबुवांनी जरा विचार केला. "चौघं हुती म्हना. पर जीप लई अडखळत गेली बघा..."

उत्कर्षाची गाडी त्यानंतर कधीच अडखळली नाही. तिचे वडील आभार मानायला आले, तेव्हा मात्र मामांनी त्यांना तोंड दाखवलं नाही. जयसिंगरावांचा शोध मामांनी वर्षभर घेतला. गावी, नातेवाइकांकडे, एजंटकडे. काही कळलं नाही.

तुम्ही त्या पोरीला वाचवलंत, असं मी मामांना कितीदा सांगितलं.

ते मान हलवतात. आणि मग विचारतात, "त्यांची पोरं केवढाली असतील रे?"